पळसबनातली बैठक

अध्यक्ष विजयकुमार साहेबांनी तीनदा बसा म्हटलं, तरी शालिकराम बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात रोवून तो उभाच राहिला. स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं क्रेन चालवून त्याला एवढं कळलं होतं, की साहेबासमोर एकदा बसलं की माणूस मान डोलवायला लागतो. त्यामुळे हिंदी मुलखातल्या त्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतल्या सातही जणांना माना वर करून त्याच्याकडे बघावं लागत होतं, आणि ते कोणालाच आवडत नव्हतं.

विषय तसा छोटासाच. रविवारी सकाळी दहा ते अकरा हुडको वसाहतीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचा मराठी वर्ग भरे. तो चालवणाऱ्या वसुंधराबाई मुलाकडे पुण्याला कायमच्या राहायला गेल्या. पुढं कोण, असं विचारल्यावर सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले आणि एकट्या शालिकरामने हात वर केला. दहावी आणि वर आयटीआय झालेला माणूस तो, मुलांना शिकवणार तरी काय? वर्षभरात विसाची चार मुलं उरली. त्यातली एक त्याचीच नात मोना, आणि तीही आजीने डोळे वटारले म्हणून यायची. आता तो तास कराओके क्लबला द्यावा असा ठराव आला होता. निवृत्त अधिकाऱ्यांना गाणी म्हणायची होती.

शालिकरामची मागणी एवढीच, की वर्ग बंद करण्याआधी मुलांना एकदा ‘पळसबनातली बैठक’ दाखवू द्या.

ही बैठक कुठली, ते खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. वीस वर्षांपूर्वी केबलवर एका मराठी चॅनलला दुपारी तीन वाजता लागणारी ती कार्टूनची मालिका. जंगलातली जनावरं पळसाखाली जमत आणि बोलत बसत. शालिकरामने सुनेच्या मोबाइलवर दोन मिनिटं लावून दाखवली. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"शालिकराम, ही भाषा? मले, तुले? आपण मुलांना चांगलं मराठी शिकवायचं की जंगलातलं?"

"जंगलातलं नोहे, साहेब. माह्या घरातलं हाय ते," शालिकराम म्हणाला. "पोरं घरी हेच आयकतात. टीव्हीतून आयकलं तं लाजनार नाहीत."

साहेब मनाने वाईट नव्हते. उभ्या माणसाला कंटाळून म्हणा किंवा काही म्हणा, त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. पुढच्याच्या पुढच्या रविवारी बारा मुलं यायला हवीत आणि तासभर बसायला हवीत. एक जरी कमी भरलं तरी हॉल कराओकेचा. शालिकराम हो म्हणाला आणि मग बसला.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं त्याचं झालं. त्याच संध्याकाळी त्याने स्कूटर काढली. हुडकोत जिथं जिथं दारावर मराठी आडनाव दिसलं तिथं तिथं त्याने बेल वाजवली. आया म्हणाल्या, आमच्या मुलाला मराठी समजतं पण बोलत नाही. बाप म्हणाले, रविवारी क्रिकेट असतं. शालिकराम प्रत्येक दारात तीच गोष्ट सांगे: पळसबनातलं तळं आटलं, तेव्हा काय झालं? आणि अर्ध्यावर थांबून म्हणे, बाकीची रविवारी टीव्हीत पाहा. ही युक्ती बरी चालली. आठव्या दिवसापर्यंत तेरा नावं झाली.

त्या मालिकेत एवढं काय होतं, हे त्याला कोणी विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं. चित्रं यथातथाच होती. जनावरं चालायची तेव्हा पाय हलत नसत, मागचं एकच झाड तीनदा जायचं. मारामारी नाही, जादू नाही. एक तात्या नावाचं साळिंदर होतं, ते बैठकीचं प्रमुख. चिमाबाई टिटवीला सगळ्या जगाबद्दल तक्रार होती. कोल्हा वकिली करायचा. आणि धोंडबा कासव सोमवारी बोलायला लागलं की त्याचं वाक्य बुधवारी पुरं व्हायचं. पण ही सगळी मंडळी शालिकरामच्या आईसारखी बोलायची. तोवर टीव्हीतली मराठी माणसं पुण्यातून आल्यासारखी बोलत. गोंदियाकडचं गडीमाणूस असलं तर ते हसवण्यापुरतं. पळसबनात मात्र शहाणंही तसंच बोलायचं आणि येडंही तसंच. पहिल्या दिवशी जेवता जेवता तो आवाज कानावर आला, तेव्हा त्याचा घास हातातच राहिला होता.

मालिका मुलांची, आणि तिची वेळ मुलं शाळेत असतानाची. पाहणार कोण? पहिल्या पाळीवरून घरी आलेले शालिकरामसारखे.

त्याची क्रेन स्क्रॅप यार्डात होती आणि ती रात्री बंद असे, म्हणून तिच्यावर दोघंच: शालिकराम आणि चंपत. एक आठवडा हा सकाळी सहा ते दोन आणि तो दोन ते दहा, पुढच्या आठवड्यात उलट. म्हणजे ज्याचा आठवडा सकाळचा, त्यालाच तीन वाजताची मालिका दिसणार. दुसरा त्या वेळी वर केबिनमध्ये. दोघांची भेट रोज दुपारी दोनला, क्रेनच्या शिडीपाशी, चार्ज देताना. ब्रेक जरा ढिला आहे, हूक बदलला, एवढं सांगून झालं की जाणाऱ्याने येणाऱ्याला कालचा भाग सांगायचा. सुरुवात शालिकरामने केली. पहिला आठवडाभर त्याने चंपतला सगळं नकलांसकट सांगितलं. पुढच्या आठवड्यात चंपत सांगायला लागला, आणि चंपत असा सांगे की खालून फोरमन ओरडला तरी शालिकराम शिडी चढत नसे.

तळ्याची गोष्ट चंपतच्या आठवड्यातली. तळं आटतं. सगळ्यांना दूरच्या नदीवर जायला हवं, पण धोंडबा कासवाला तो वेग झेपणार नाही. रात्रभर बैठक चालते. शेवटी तात्या म्हणतो, जो सगळ्यात हळू चालते त्याले पुढं ठेवायचं, मंग कोनीच मागं राहत नाही. हे वाक्य शालिकरामने संसारभर वापरलं. पोरगा कमलेश गणितात दोनदा नापास झाला, तेव्हा त्याने हात उगारला नाही. हेच वाक्य सांगितलं आणि वर्षभर घरातला रेडिओसुद्धा त्याच्या अभ्यासाच्या वेळेने चालू-बंद केला. तोच कमलेश आज रायपूरला रेल्वेत आहे.

रविवारला चार दिवस उरले तेव्हा सून नीतूने त्याला मोबाइल चार्ज करून दिला आणि म्हणाली, "बाबा, तो तळ्यावाला एपिसोड एक बार पूर्ण पाहून तर घ्या. सगळ्यांसमोर अटकला तर?"

त्याने पाहिला. तळं आटलं, बैठक बसली, कोल्ह्याने तोंड उघडलं आणि धो धो पाऊस आला. सगळे नाचले, गाणं म्हणाले. संपलं.

भाग चुकला असेल म्हणून त्याने पुढचा लावला, मग त्याच्या पुढचा. तीन दिवस तो मोबाइलला चिकटून होता, ओळखीचा भाग लागला की पुढं ढकलत. एका आठवड्याचे भाग त्याच्या आठवणीतल्यासारखे, शब्दाला शब्द. पुढच्या आठवड्याचे भलतेच. त्यानंतरचे पुन्हा बरोबर, मग पुन्हा भलते. मालिका इंटरनेटवर टाकणाऱ्याने गोंधळ केलाय, असं त्याने बायकोला सांगितलं. मैनाबाई मेथी निवडत होती. ती म्हणाली, असन. शनिवारी दुपारी शेवटचा भाग संपला तेव्हा मात्र त्याला आठवड्यांचा हिशेब उलगडला. भलते होते ते सगळे चंपतचे आठवडे होते.

तो तसाच उठून जुनवानीला चंपतकडे गेला. चंपत घरासमोर ऊन खात मटार सोलत बसला होता. निवृत्तीनंतर दोघांची गाठ लग्नाकार्यातच पडत असे, त्यामुळे तो खुश झाला आणि आत चहा सांगायला उठायला लागला. शालिकरामने त्याला उठू दिलं नाही.

"चंपतभाऊ, तळं आटलं तवा कासवाचं काय केलं?"

"सगळ्यात पुढं ठेवलं ना त्याले."

"टीव्हीत तं पाऊस आला."

चंपतने चार-पाच शेंगा सोलल्या. दाणे भांड्यात टाकताना त्यातले दोन खाली सांडले, ते त्याने उचलले आणि पुसले.

"आमच्या घरी टीव्हीच नव्हता, शालिकभाऊ."

मग त्याने सांगितलं. त्याच्या वडिलांना फिट्स येत. टीव्हीच्या लुकलुकत्या उजेडाने जास्त येत, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याने टीव्ही बहिणीकडे पोचवला होता. दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी शालिकरामने शिडीपाशी इतक्या आशेने विचारलं, काल काय झालं, की त्याला नाही म्हणवेना. कासव काय करील, टिटवी काय म्हणेल, हे शालिकरामने आठवडाभर सांगून सांगून पाठ करूनच ठेवलं होतं. त्याने काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणं आलं. पुढंपुढं त्याला त्याचाच नाद लागला, घरून निघाल्यापासून प्लांटच्या गेटपर्यंत सायकलवर तो तेच जुळवत यायचा.

शालिकरामला राग आला. वर्षभर या माणसाने आपल्याला येडं बनवलं आणि आपण टाळी देत राहिलो. तो फाटकाबाहेर गेला, हेल्मेट घातलं, स्कूटरला किक मारली. इंजिन सुरू झालं. तो तसाच उभा राहिला. कमलेशचं गणित त्याच्या डोक्यात घोळत होतं. ज्या वाक्यावर पोरगं तरलं ते या मटार सोलणाऱ्याचं होतं, आणि वीस वर्षं शाबासकी टीव्हीला मिळत होती. त्याने स्कूटर बंद केली आणि हेल्मेटसकट परत आला.

"उद्या दहा वाजता हॉलवर यायचं. पोरायले ते तळं तुमीच सांगायचं."

चंपत म्हणाला, मी काय मास्तर आहे? शालिकराम म्हणाला, मी तरी कुठं आहे. चंपत म्हणाला, तेव्हा सुचलं ते सांगितलं, आता काय आठवतं? शालिकरामने ते ऐकून घेतलंच नाही.

रविवारी तेराच्या तेरा मुलं आली, आणि चंपतही. नीतूने प्रोजेक्टरला मोबाइल जोडला, पॉवर हाउस भागातल्या बाजारातून भाड्याने आणला होता तो. भिंतीवर मैनाबाईची लग्नकार्यातली पांढरी चादर लावली होती. ती स्वतः शेवटच्या रांगेमागे चिवड्याच्या पुड्या बांधत बसली होती. विजयकुमार साहेब दाराजवळ खुर्ची टाकून, घड्याळ मनगटावर वर करून बसले.

चादरीवर साळिंदर बोलायला लागलं तशी मुलं हसली. एक जण म्हणाला, अरे, ये तो मेरी दादी है. ते हसणं चांगलं होतं, शालिकरामला ते ओळखता आलं. पण दहा-बारा मिनिटांत पाऊस आला, गाणं सुरू झालं आणि दोन मुलं उठून पाण्याच्या माठाकडे गेली. तिसरं बुटाची नाडी बांधायला लागलं. मोना जवळ येऊन हळूच म्हणाली, "दादाजी, ये तो वो वाली स्टोरी नहीं है. तुमी तं दुसरी सांगितली होती."

शालिकरामने नीतूला चित्र थांबवायला सांगितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरोबर. दुसरी याची हाय." त्याने चंपतला दंडाला धरून पुढं आणलं.

चंपतने दोनदा घसा साफ केला. पहिली वाक्यं त्याने चादरीकडे तोंड करून सांगितली. मग तळं आटायला लागलं आणि तो वळला. टिटवीची तक्रार त्याने अशी केली की माठाजवळची दोन्ही मुलं जागेवर आली. तात्याचं ते वाक्य आलं, हळू चालणाऱ्याला पुढं ठेवायचं. कोल्हा उठला. म्हणाला, आन पुढं चालनारा कासवच रस्ता चुकला तं, सगळेच मरतीन ना?

इथं चंपत थांबला. कासवाने काय उत्तर दिलं, ते त्याला आठवेना. त्याने शालिकरामकडे पाहिलं. शालिकरामलाही आठवेना. इतक्या वर्षांत तो तात्याच्या वाक्याशीच थांबत आला होता, पुढचं त्याने कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. मुलं वाट बघत होती. पुढच्या रांगेतला एक जण खुर्चीवरून अर्धा उठला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, अकराला वीस मिनिटं उरली होती.

"कासव म्हनलं, मी हळू चालतो, म्हनून मले रस्त्यातला गोटा अन् गोटा ठाऊक हाय. चुकतात ते पळनारे."

आवाज मागून आला होता. मैनाबाई पुडीला दोरा गुंडाळत होती आणि तिने मानही वर केली नव्हती. सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा ती जराशी लाजली, पण गाडी सुरू झाली होती. मग निघाले सगळे, ती म्हणाली, पुढं धोंडबा, त्याच्या मागं चिमाबाई, आणि सगळ्यात शेवटी कोल्हा, कारण त्याला कोणाच्या मागं चालायची सवय नव्हती. मुलांनी खुर्च्या उलट्या फिरवल्या. चंपतही पुढच्या रांगेत जाऊन बसला आणि आपलीच गोष्ट तोंड उघडं टाकून ऐकायला लागला. नदी यायला बराच वेळ लागला. वाटेत एक दलदल होती, एक माणसांचं शेत होतं, एक रात्र होती. कराओकेवाले अकराला स्पीकर घेऊन दारात आले, तर साहेबांनी त्यांना हाताने थांबा म्हटलं. त्यांची खुर्चीसुद्धा फिरलेली होती.

मुलं गेल्यावर साहेब शालिकरामजवळ आले. हॉलची किल्ली त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. "पुढच्या रविवारी तुम्हीच उघडा. कराओकेचं संध्याकाळी बघू." आणि जाता जाता मैनाबाईकडे बघून त्यांनी विचारलं, अशा किती गोष्टी आहेत? ती म्हणाली, सव्वीस आठवड्यायच्या तरी असतीन. साहेबांनी मान डोलावली.

चादर काढायला दोघंच उरली. शालिकरामने दोन कोपरे धरले, तिने दोन.

"तुले कसं ठाऊक?"

"तुमीच तं सांगत होते. दोन ते दहा असली म्हनजे, रात्री जेवता जेवता. चंपतभाऊनं सांगितलेलं."

कोपरे हातात धरूनच त्याने चंपतच्या आठवड्यांचा हिशेब केला. दुपारी तीन वाजता तो क्रेनवर असे, चंपत टीव्ही नसलेल्या घरी असे, आणि ही रोज घरात टीव्हीसमोर. काल काय झालं हे विचारायला तो वर्षभर दीड कोसावर, शिडीपाशी जात होता.

"म्हनजे तू सगळे पाहिले? त्या दिवशी पाऊस आला, ते तुले तवाच ठाऊक होतं?"

"होतं ना."

"मंग मले कावून नाही सांगितलं?"

मैनाबाईने चादर झटकली, आपले कोपरे जुळवले आणि त्याच्या हातातले घ्यायला दोन पावलं पुढं आली.

"सांगितलं असतं तं तुमी चंपतभाऊले बोलले असते, अन् ते बंद झालं असतं," ती म्हणाली. "दुपारचं काय, सगळ्या दुनियेसाठी होतं. रातचं माह्या एकटीसाठी होतं."